फिल्म म्हणजे निकालपत्र नव्हे

"गाठ वाढली आहे. म्हणजे रेडिएशन वाया, गोळ्या वाया आणि डॉक्टरही वायाच. आता पेशंटला दुसरीकडे हलवा."

मेंदूच्या गाठीवर उपचार घेणारा माणूस घरात असला की उपचारांनंतरच्या पहिल्या एमआरआयला हा निकाल बहुधा लागतोच, आणि तो लावणाऱ्यांत डॉक्टर एकही नसतो. जयपुरातली मराठी घरं याला अपवाद नाहीत. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आलेले खानापूर-आटपाडीकडचे लोक असोत की नोकरीनिमित्त येऊन इथेच रुळलेले पुणेकर-नागपूरकर, रिपोर्टची पीडीएफ हाती आली की तासाभरात ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. विट्याचे मेव्हणे म्हणतात, "मुंबईला टाटात न्या." पुण्याचा आतेभाऊ गुगलवरून पाच भीतिदायक शब्द उचलून टाकतो. नागपूरची मावशी कुठल्याशा वैद्यांचा नंबर पाठवते. रेडिएशन संपून किती आठवडे झाले, एवढा एक प्रश्न मात्र कुणालाच सुचत नाही.

ही घरं घाबरलेली असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्या तोंडी बसलेल्या मतावर. ते मत शिकल्यासवरल्या लोकांनी पसरवलं आहे आणि काही डॉक्टरांनीही त्याला खतपाणी घातलं आहे. ते मत असं: यंत्र खोटं बोलत नाही. फिल्मवर डाग मोठा दिसला तर रोग वाढला, लहान दिसला तर रोग हटला. एका स्कॅनमध्ये सगळं कळतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगणारा डॉक्टर एक तर गोंधळलेला असतो, नाही तर कमिशन खाणारा. मत मोठं सुटसुटीत आहे. दोष इतकाच, की त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम चुकीचं आहे.

यंत्रापासून सुरुवात करू. यंत्र खोटं बोलत नाही हे खरं. पण त्याला विचारलं काय होतं? एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. निरोगी मेंदूत रक्त आणि मेंदूची पेशी यांच्यामध्ये एक घट्ट अडसर असतो, तो हे औषध आत शिरू देत नाही. जिथे हा अडसर फाटलेला असतो तिथे ते झिरपतं आणि फिल्मवर ती जागा पांढरी चमकते. म्हणजे ती चकाकी गळतीची आहे. गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात म्हणून तिथे गळती होते, हे बरोबर. पण ऑपरेशनच्या जखमेभोवतीही गळती होते, रेडिएशनने भाजलेल्या ऊतीतही होते, सूज आली की होते, जंतुसंसर्गातही होते. ओल दिसली की छपरालाच भोक पडलंय असं ठरवून कौलं उतरवायला घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र त्यालाच "प्रॅक्टिकल माणूस" म्हणतो.

हे सगळं परदेशातून आलेलं बारीक शास्त्र आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशातले दोन जुने आजार आठवावेत. पहिला मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींचा, न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा. कृमीची अळी जिवंत असते तेव्हा स्कॅनमध्ये नुसता पाण्याचा शांत बुडबुडा दिसतो, भोवती सूज जवळजवळ नाहीच. ती मरू लागली की शरीर तिच्यावर तुटून पडतं, भोवती चमकदार कडं उमटतं, सूज पसरते आणि रुग्णाला फीट येते. शत्रू मरत असतानाच फिल्म सर्वांत भयानक दिसते. दुसरा क्षयाच्या गाठींचा, ट्युबरक्युलोमाचा. क्षयाची औषधं सुरू केल्यावर काही रुग्णांत या गाठी आधी वाढतात, क्वचित नव्याही दिसतात, आणि पुढे त्याच औषधांनी विरघळतात. अनुभवी न्यूरॉलॉजिस्टला हे पाठ असतं, तो औषध बंद करत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात राजस्थानच्या कानाकोपऱ्यातून फीट येणारे रुग्ण येतात. हे ज्ञान तिथल्या ओपीडीत रोज वापरलं जातं. मग कृमी आणि क्षयाला दिलेली सवलत मेंदूच्या ट्यूमरला, ग्लिओमाला, नाकारण्याचं कारण काय?

आता ग्लिओब्लास्टोमाकडे वळू. मोठ्या माणसांच्या मेंदूत होणारा हा सर्वांत आक्रमक ग्लिओमा. त्यावरचा आजचा पायाभूत उपचार २००५ साली रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून आला: सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे रेडिएशन, त्याच्या जोडीला रोज टेमोझोलोमाइड, आणि नंतर याच गोळ्यांची सहा आवर्तनं. त्या चाचणीत दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनच्या गटात १०.४ टक्के होतं, गोळ्यांच्या जोडीने ते २६.५ टक्के झालं. हा उपचार सगळीकडे रुजला आणि मग एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनमध्ये पुष्कळ रुग्णांची चकाकी वाढलेली दिसे, आणि त्यांतल्या काहींची तीच गोळी चालू ठेवली तर पुढच्या स्कॅनमध्ये ती आपोआप ओसरे. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे वाढीचा नुसता भास. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचं प्रमाण साधारण पाचांतल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत सापडलं आहे.

यातली क्रूर गंमत पुढेच आहे. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी जनुकाचं मिथिलेशन असतं, म्हणजे ज्यांना टेमोझोलोमाइड अधिक लागू पडते, त्यांच्यात हा भास अधिक आढळतो. म्हणजे चौथ्या आठवड्याला फिल्म पाहून गोळी बंद करणारं, डॉक्टर बदलणारं आणि पेशंटला रात्रीच्या गाडीत घालणारं घर नेमके कुणाचे उपचार तोडत असतं? ज्याला ते लागू पडत होते, कदाचित त्याचेच. "आम्ही वेळीच निर्णय घेतला" असं नंतर छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि मग पुढची फसवणूक घडते. नवा डॉक्टर किंवा नवा वैद्य दुसरं औषध देतो, तीन महिन्यांत चकाकी ओसरते (ती तशीही ओसरणारच होती) आणि श्रेय त्या काढ्याला जातं. हे फक्त काढ्यांच्याच बाबतीत होतं असं समजू नका. दुसऱ्या टप्प्याच्या औषधांच्या चाचण्यांतही भासाचे रुग्ण घुसले तर निकाल खोटेच गोड दिसणार, ही भीती खऱ्या संशोधकांनाही होती. म्हणूनच २०१० साली पॅट्रिक वेन आणि इतरांनी मांडलेल्या, उपचारांचा प्रतिसाद ठरवायच्या रानो निकषांनी नियम घातला: रेडिएशन संपून बारा आठवडे झाले नसतील, तर रेडिएशनच्या मुख्य क्षेत्राबाहेर नवी चकाकी असल्याशिवाय किंवा बायॉप्सीत खात्री झाल्याशिवाय रोग वाढला असं धरायचं नाही. २०२३ साली हे निकष सुधारले तेव्हाही हा धीर कायम राहिला. तुलनेचा पाया रेडिएशननंतरचा एमआरआय, आणि पहिल्या बारा आठवड्यांतल्या वाढीला दुसऱ्या स्कॅनची पुष्टी हवीच. जगभरचे तज्ज्ञ जिथे पुन्हा बघून मग बोलायचं ठरवतात, तिथे आपला आतेभाऊ पीडीएफच्या शेवटच्या ओळीवरून निकाल देतो.

"म्हणजे पळवाटच की! गाठ वाढली की डॉक्टर म्हणणार, भास आहे, थांबा." हा आक्षेप मला चलाख वाटतो, खरा वाटत नाही. पळवाटेला शेवट नसतो, या सबबीला मुदत आहे. भास बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांतला. सातव्या-आठव्या महिन्यात कुणी तेवढ्याच शब्दावर थांबवत असेल तर त्याला जरूर जाब विचारा, कारण तेव्हा प्रश्न वेगळा असतो: रोग परतला की रेडिएशनमुळे ऊती मेली. भास खरा असेल तर चार ते आठ आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये चकाकी स्थिरावते किंवा उतरते. ती चढतच गेली, रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर नवा डाग आला, स्टेरॉइड वाढवूनही माणूस खचत चालला, तर भासाचा दावा तिथेच संपतो. इतक्या सहज खोटी ठरू शकणारी सबब जगात दुसरी दाखवा.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती तर कुणालाच पाहायची नसते, कारण ती गोड आहे. फिल्मवर डाग लहान झाला की पेढे वाटले जातात. पण सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही तो अडसर तात्पुरता घट्ट करतं. गळती कमी, चकाकी कमी. गाठ आहे तिथेच असते. बेव्हासिझुमॅब हे औषध तर रक्तवाहिन्यांवरच काम करतं. ते दिल्यावर काही दिवसांत फिल्म धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होऊ शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, नव्याने निदान झालेल्या ग्लिओब्लास्टोमात हे औषध पहिल्यापासून दिलं तेव्हा फिल्मवर रोग उशिरा वाढलेला दिसला, पण रुग्णांचं एकूण आयुष्य वाढलं नाही. औषधाचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. सूज उतरते, स्टेरॉइडचा डोस कमी करता येतो, काही रुग्णांचे दिवस सुकर होतात. पण "फिल्म सुधारली म्हणजे माणूस सुधारला" हा सिद्धान्त तिथे उघडा पडला. वाढ भास असू शकते यावर संशय घेणारे लोक भासाच्या उतारावर मात्र श्रद्धा ठेवतात, ते का?

यातून मी पोचतो रिपोर्टच्या ज्या ओळीची सर्वाधिक टिंगल होते तिच्यापाशी: "प्लीज कोरिलेट क्लिनिकली," म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा. लोकांना वाटतं रेडिओलॉजिस्ट हात झटकतोय. अहो, त्याला तुम्ही काय सांगितलं होतं? स्टेरॉइड किती मिलिग्रॅम चालू आहे, रेडिएशन कोणत्या तारखेला संपलं, पेशंट चालतो कसा, बोलतो कसा, यातलं काहीही न सांगता नुसतं "ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट" लिहिलेली चिठ्ठी पाठवायची आणि त्याच्याकडून भविष्य मागायचं. तो ज्योतिषी नाही. खरं तर त्या ओळीत तो आपली गरजच सांगतो. दोष द्यायचा असेल तर ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला द्या.

मोजमापाबद्दल तर बोलायलाच नको असं लोकांना वाटतं. आकडा आला म्हणजे वाद संपला! बघू या. १९९० साली डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी घालून दिलेली पद्धत, आणि पुढची रानोची मूळ पद्धतही, गाठीच्या एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन सर्वांत मोठ्या व्यासांचा गुणाकार करते. हा गुणाकार २५ टक्के वाढला तर रोग वाढला, ५० टक्के घटला तर अंशतः प्रतिसाद. आता ४० गुणिले ३० मिलिमीटरची गाठ घ्या: १२००. पुढच्या स्कॅनमध्ये ४५ गुणिले ३४: १५३०. वाढ साडेसत्तावीस टक्के. म्हणजे एका बाजूला पाच आणि दुसरीकडे चार मिलिमीटर, एवढ्यावर माणूस "स्थिर"मधून "वाढला"मध्ये गेला. आणि हे पाच मिलिमीटर येतात कुठून? पहिला स्कॅन दीड टेस्लाच्या मशीनवर पाच मिलिमीटरच्या जाड कापांचा, दुसरा तीन टेस्लाच्या मशीनवर एक मिलिमीटरच्या कापांचा. डोकं एकदा थोडं तिरपं. इंजेक्शननंतर एकदा दोन मिनिटांनी चित्र, एकदा आठ मिनिटांनी. वर मोजणारे दोघे वेगळे, आणि एकाने ऑपरेशनची पोकळीही गाठीतच धरलेली. यातलं रोगाने केलेलं किती आणि आपण केलेलं किती?

या बाबतीत जयपूरकरांनी तरी शहाणं असायला हवं होतं. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांनी आकाशाच्या वेधांसाठी पितळी यंत्रं नाकारली ती याच कारणाने: आस झिजतात, केंद्र सरकतं, मोजमाप भरकटतं. म्हणून जंतरमंतरात दगड-चुन्याची अवाढव्य यंत्रं उभी राहिली. त्यांतलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि वेळ दोन सेकंदांपर्यंत दाखवतं. त्यांच्या पदरी होते जगन्नाथ सम्राट, आपले मराठी पंडित, ज्यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. युरोपातून आलेली ला हिर या खगोलज्ञाची कोष्टकं पाहून हे लोक भारावून गेले नाहीत. आपल्या वेधांशी ताडून पाहिली तेव्हा चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली. छापील आकडा आला म्हणून मान तुकवायची नाही, तेच यंत्र, तीच जागा, पुन्हा पुन्हा वेध आणि मागच्या वेधांशी तुलना, ही या शहराची सुमारे तीनशे वर्षांची शिकवण आहे. आज आपण जंतरमंतरसमोर सेल्फी काढतो आणि तिथून मोजक्या अंतरावर एका फिल्मवर माणसाचं आयुष्य ठरवतो.

आता पैशांचा मुद्दा. "दर तीन महिन्यांनी एमआरआय म्हणजे निव्वळ धंदा." कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, आहे, हे मी नाकारणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी २०१३ साली रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला धनादेश चव्हाट्यावर आणला होता, आणि २०१७ साली महाराष्ट्र सरकारला या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समिती नेमावी लागली. डोकं दुखतंय म्हणून एमआरआय लिहून देणाऱ्यांवर तुटून पडा, मी तुमच्याबरोबर आहे. पण त्या रागाचं बिल मेंदूच्या गाठीच्या रुग्णाच्या नावावर फाडू नका. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत एक स्कॅन, कारण त्यानंतर जखमेचीच चकाकी सुरू होते आणि किती गाठ उरली ते कळेनासं होतं. रेडिएशननंतर साधारण महिन्याने एक, तो पाया. मग दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पुढचे. ही मालिका नसेल तर सुटा स्कॅन निरुपयोगी आहे. म्हणजे पैसे वाचवायला मालिका तोडणारा माणूस झालेल्या स्कॅनचेही पैसे बुडवतो. शिवाय राजस्थानात २०१३ पासून मोफत तपासणी योजना आहे आणि २०२२ पासून इथल्या सरकारी रुग्णालयांत राज्यातल्या रहिवाशांना एमआरआय-सीटीसारख्या महागड्या तपासण्याही मोफत आहेत. रांग लांब असते, तारीख उशिरा मिळते, ही तक्रार रास्त आहे. तिला धंदा म्हणता येत नाही.

त्यातच कुणीतरी म्हणतं, "इतके स्कॅन केल्याने रेडिएशन बसतं." एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक असतो आणि रेडिओलहरी. गॅडोलिनियमबाबत मूत्रपिंडाच्या रुग्णांत काळजी घ्यावी लागते, ती घ्यावी. पण ज्या माणसाच्या मेंदूने ६० ग्रे सोसले त्याला चुंबकाची भीती घालणं, याला काय म्हणावं?

मग येतात अतिहुशार. "साधा एमआरआय जुना झाला, पेट करा, परफ्यूजन करा, एआयला दाखवा." करा ना. परफ्यूजन एमआरआय त्या जागेचं रक्ताचं आकारमान दाखवतो: जिवंत गाठीत ते बहुधा जास्त, मेलेल्या ऊतीत कमी. स्पेक्ट्रोस्कोपीत जिवंत गाठीत कोलीन वाढलेलं दिसतं. साखरेच्या वापरावर चालणाऱ्या नेहमीच्या एफडीजी पेटला मेंदूत मोठा अडथळा असा, की निरोगी मेंदूच इतकी साखर खातो की सगळंच उजळतं. अमिनो आम्लांवरचे पेट त्यासाठी चांगले, पण त्यांतल्या किरणोत्सारी कार्बन-११चं अर्धायुष्य वीस मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉन दाराशीच हवा. फ्लोरिन-१८चं ११० मिनिटं, ते थोडं सोयीचं. या सगळ्यांनी संशय कमी होतो, मिटत नाही. कारण पुष्कळदा एकाच डागात थोडी जिवंत गाठ आणि थोडी मेलेली ऊती शेजारी शेजारी असतात, आणि बायॉप्सीची सुईसुद्धा चुकीच्या शेजाऱ्याकडे जाऊ शकते. एआय सीमा आखून आकारमान चटकन काढतं, मोजणाऱ्याचा हात थरथरण्याची चूक वाचवतं, हा मोठाच फायदा आहे. पण रेडिएशनची तारीख आणि स्टेरॉइडचा डोस त्यालाही कुणीतरी सांगावाच लागतो.

तेव्हा माझं म्हणणं मी सौम्य करणार नाही. मेंदूच्या गाठीत एकट्या फिल्मवरून "उपचार फसले" किंवा "बरा झाला" म्हणणं हे अज्ञान आहे, मग ते मेव्हण्याने म्हटलेलं असो की पांढऱ्या कोटातल्या माणसाने. प्रतिसाद ठरतो तो आधीच्या स्कॅनशी केलेल्या तुलनेतून, रेडिएशनच्या तारखेतून, स्टेरॉइडच्या मिलिग्रॅमांतून आणि समोर बसलेला माणूस स्वतःचा शर्ट स्वतः घालतो की नाही यातून, आणि हे चारही एका टेबलावर ठेवून सर्जन, रेडिएशनवाला, औषधवाला आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात तेव्हाच. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. जयपूरचा पेशंट मुंबईला न्यायचा असेल तर अवश्य न्या, दुसरं मत घेणं हा त्याचा हक्कच आहे. पण काखेत शेवटची एक फिल्म मारून नेऊ नका. पहिल्यापासूनच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी न्या, रेडिएशनचा तपशील न्या, गोळ्यांची यादी न्या, आणि जमेल तोवर पुढचे स्कॅन एकाच मशीनवर करा.

सरकारने एमआरआय मोफत केला, चांगलंच झालं. आता त्याच्या मागणीपत्रकावर तीन रकाने सक्तीचे करावेत: रेडिएशन संपल्याची तारीख, आजचा स्टेरॉइडचा डोस, आधीच्या स्कॅनची तारीख. रकाने रिकामे असतील तर खिडकीवरूनच कागद परत पाठवावा. याला खर्च शाईचा. आणि ग्रुपवर पीडीएफ टाकणाऱ्यांनीही हे तीन आकडे आधी लिहावेत, मग मेव्हण्यांनी खुशाल मत द्यावं.